यो-योच्या दोऱ्याला निरगाठ मारू नका

नारायण पेठेतून एका आजींचं पत्र आलं आहे:

“माझी नात अकरा वर्षांची आहे. दिवाळीत मामाने तिला लाकडी यो-यो दिला. दोन चकत्या आणि मधे लाकडाचीच बारीक दांडी, एवढंच. तीन आठवड्यांत त्याचा दोरा तुटला. मी घरातला क्रोशाचा दोरा चार पदरी करून दांडीला घट्ट गाठ मारून दिला. तेव्हापासून यो-यो खाली जातो आणि लगेच वर येतो. ती म्हणते, ‘आजी, आधी हा खाली थांबून फिरायचा, आता झोपतच नाही.’ मग तिने शिलाईचा दोरा लावून पाहिला, तो बोटात रुतला आणि दुसऱ्या दिवशी तुटलाही. शेजारचा मुलगा संक्रांतीचा उरलेला मांजा देतो म्हणतोय. दोरा कोणता घ्यावा, किती लांब ठेवावा, किती दिवसांनी बदलावा? घरी वळता येईल का? तिच्या बोटावर निळसर वळ उठतो, त्याचंही सांगा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन आहे, तिथे तिला यो-यो करून दाखवायचा आहे.”

आजी, नमस्कार.

मांज्याचं आधी सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. तो घरात घेऊ नका. मांज्याला काचेची पूड लावलेली असते, आणि यो-योचा दोरा तर बोटाभोवती फास घालूनच खेळायचा असतो. प्रत्येक फेकीला त्या फासाला हिसका बसतो. नायलॉनचा मांजा असेल तर प्रश्नच नाही: राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे, आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे त्याने कसे कापले जातात हे पुण्यात वेगळं सांगायला नको. शेजारच्या मुलालाही त्याच्या घरच्यांच्या कानावर घालून तो नष्ट करायला सांगा.

आता तुमच्या दोऱ्याकडे वळतो. तुमचा दोरा वाईट नव्हता, थोडा जाड होता इतकंच. घोटाळा केला तो गाठीने.

यो-योचा दोरा दांडीला बांधलेला नसतो. तो दांडीभोवती नुसता अडकवलेला असतो. एकच लांब दोरा मधोमध दुमडून त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींभोवती वळलेल्या असतात. दुमडीची जागा म्हणजे एक बारीकसा डोळा, आणि त्या डोळ्यातून दांडी जाते. यो-यो जोरात खाली फेकला की दोरा संपतो, पण यो-योची गिरकी संपलेली नसते. डोळा सैल असल्यामुळे दांडी त्याच्यात घसरत राहते आणि यो-यो दोऱ्याच्या टोकाशी जागच्या जागी फिरत राहतो. तुमची नात ज्याला झोपणं म्हणते ते हेच. मग तिने हाताला हलकासा झटका दिला की दोरा क्षणभर ढिला पडतो, ढिला दोरा दांडीला आणि चकत्यांच्या आतल्या बाजूंना पकडतो, गुंडाळला जायला लागतो आणि यो-यो हातात येतो. गाठ मारली की दांडीला घसरायला जागाच उरत नाही. खाली पोचलेला यो-यो त्याच गिरकीत दोरा उलट्या बाजूने गुंडाळत परत निघतो. झोपायची त्याची इच्छा असो नसो, गाठ त्याला झोपू देत नाही.

ही चूक फक्त तुमची नाही. युरोपात हे खेळणं अठराव्या शतकापासून होतं, तेव्हा दोरा दांडीला बांधलेलाच असे आणि खेळ म्हणजे खाली-वर, खाली-वर एवढाच. फिलिपीन्समध्ये मात्र डोळ्याचा दोरा वापरायचे. तिथून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस या माणसाने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावी असे यो-यो बनवायला सुरुवात केली. पुढे तिथल्याच डंकन कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि यो-यो हे नाव जगभर गेलं. आज यो-योचे जे शेकडो खेळ दिसतात, ते बहुतेक या न मारलेल्या गाठीवर उभे आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न: घरी वळता येईल का? येईल, आणि लाकडी यो-योसाठी घरचा सुती दोरा उत्तम. तुम्ही कधी करदोटा वळला असेल तर तुम्हाला यातलं निम्मं आधीच येतं.

क्रोशाचा सुती दोरा घ्या, पण बारीक. त्या गुंड्यांवर नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. नंबर चाळीस मिळाला तर तोच घ्या. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला चौकशी केलीत तर सापडावा. तुमच्याकडे वीस नंबर असेल तर दोनच पदर घ्या, चाळीस असेल तर तीन घ्या. तयार झालेला दोरा एक ते सव्वा मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून जाड झाला तर दोन चकत्यांमधल्या फटीत तो घासतो, आणि गाठ नसली तरी यो-यो वेळेआधीच वर येतो.

पदर प्रत्येकी अडीच मीटरचे घ्या. एवढे लांब का, तर पीळ घातला की दोरा आखडतो आणि नंतर दुमडून निम्मा होतो. हातात शेवटी मीटरभर राहतो. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून ती एकाच दिशेने फिरवत राहा. घरात हाताने फिरवायचं ड्रिल असेल तर त्याच्या तोंडात हूक पकडून काम पाच मिनिटांत होतं, पेन्सिलीने वेळ लागतो. पीळ किती घालायचा? दोरा ताणून धरलेला असताना हात किंचित पुढे न्या. ढिला झालेला दोरा लगेच स्वतःभोवती गाठोळ्या घालायला लागला तर पुरेसा झाला. नुसता बाक आला तर अजून फिरवा.

पुढची पायरी दोघींनी मिळून करायची आहे. दोरा ताठ ठेवूनच त्याच्या मध्यावर किल्लीसारखं काहीतरी वजन अडकवा आणि नातीला ते धरायला सांगा. तुम्ही तुमच्या हातातलं टोक गजाच्या टोकापाशी न्या, दोन्ही टोकं एकत्र धरा, आणि मग नातीला वजन सोडायला सांगा. किल्ली भिरभिर फिरेल आणि दोन्ही बाजू आपोआप एकमेकींभोवती उलट्या दिशेने वळत जातील. ती थांबेपर्यंत हात लावू नका. हे पाहायला फार सुंदर दिसतं, नातीला नक्की दाखवा. आतला पीळ एका दिशेचा आणि बाहेरचा उलट दिशेचा, दोघे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोरा उसवत नाही. दोन्ही टोकं मिळून एक निरगाठ मारा. निरगाठीची जागा ही, बोटाच्या बाजूला. किल्ली काढलीत की उरतो तो डोळा.

यो-योवर चढवताना डोळ्याजवळ दोरा चिमटीत धरून पीळ थोडा उलटा फिरवा. पदर सुटे होतील आणि बोटभर फट पडेल. ती फट यो-योच्या एका चकतीवरून ओढून दांडीवर आणा आणि सोडून द्या, पीळ परत मिटेल. काढतानाही तसंच. कात्री लावायची गरज नाही. नात अजून नवशिकी आहे आणि यो-यो वर यायला कुरकुर करत असेल, तर तो डोळा एकदा फिरवून दांडीवर दोन वेढे घाला. यो-यो कमी वेळ झोपेल, पण खात्रीने परत येईल. तिचा हात बसला की एक वेढा कमी करा.

शिलाईच्या दोऱ्याचं काय झालं तेही सांगतो. आजकाल रिळावर येणारा शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. एकेरी लावला म्हणून तो बोटात रुतला हे एक. दुसरं कारण दांडीपाशी आहे. यो-यो झोपलेला असताना लाकडाची दांडी दोऱ्याच्या डोळ्यात जोरात घासत असते आणि ती जागा चांगलीच तापते. सूत ती उष्णता सोसतं, हळूहळू करपून झिजतं. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळतात. म्हणून लाकडी दांडीला शंभर टक्के सुती दोरा, दुसरा काही नाही. विकतचा आणायचा झाला तर त्यावर टाइप ६, टाइप ८, टाइप १० असं लिहिलेलं असतं. हा आकडा पदरांचा. आठ तुमच्या नातीला योग्य.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या घरी बेअरिंगचा, म्हणजे दांडीवर छऱ्यांचं फिरतं कडं बसवलेला, यो-यो आहे, त्यांनी मात्र पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. तिथे दोरा बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बसतो, कडं दोऱ्याबरोबर थांबतं आणि दांडी आत फिरते, त्यामुळे घासणं जवळजवळ नाहीच. पॉलिएस्टर गुळगुळीत, टिकाऊ आणि दमट हवेत न फुगणारा. तिथे वेढा एकच घाला. दोन घातले तर बेअरिंगला मोकळं फिरता येत नाही. आणि दुकानातून आणलेला धातूचा महागडा यो-यो झटका देऊनही वर येत नसेल तर दोरा बदलत बसू नका. ते यो-यो तसेच बनवलेले असतात. त्यांना दोऱ्याची एक घडी घालून, ती फटीत सारून वर आणावं लागतं. त्याला बाइंड म्हणतात आणि ते शिकावं लागतं.

लांबीचं सोपं आहे. यो-यो जमिनीवर ठेवा, दोरा सरळ वर धरा, नातीच्या बेंबीपर्यंत येईल तिथे खूण करा. खुणेच्या वर चार बोटं सोडून दोरा दुमडा, छोटं वेटोळं राहील अशी निरगाठ मारा आणि उरलेलं कापा. ती उंच होईल तसा दोरा लांब होईल. लांब दोरा लहान मुलाला दिला की यो-यो फरशीवर आपटतो, मूल हात वर उचलून खेळायला लागतं आणि ती सवय मग सुटत नाही.

बोटावरच्या निळ्या वळाचं कारण बहुधा गाठच आहे. निरगाठीमुळे जे वेटोळं तयार झालं त्यातच बोट घालायचं नसतं. त्या वेटोळ्यातून खालचा दोरा ओढून घ्यायचा, म्हणजे सरकता फास होतो, आणि तो बोटात घालायचा. मधल्या बोटात, मधल्या सांध्याच्या आसपास. अगदी मुळाशी नाही आणि टोकाशीही नाही. फास सरकता असला की यो-यो हातात आला की सैल करता येतो. दर पाच-सात फेकींनंतर तिला तो सैल करायला सांगा. बोटाचं टोक थंड किंवा बधिर वाटलं, रंग बदलला, की खेळ तिथेच थांबवायचा आणि दोरा काढून बोट चोळायचं. वळ लाल असेल आणि दहा मिनिटांत जात असेल तर चिंता नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते, म्हणजे पीळ.

मी शुक्रवार पेठेतल्या वाड्यात भोवरा खेळत वाढलो. भोवऱ्याची जाळी आम्ही जपायचो, कुणाला द्यायचो नाही, पण तिच्या पिळाकडे कधी पाहिल्याचं आठवत नाही. पाहायची गरजही नव्हती, कारण जाळी भोवऱ्याला सोडून देते. फेकला की भोवरा तिकडे आणि जाळी हातात. यो-योचा दोरा मात्र सोडत नाही. शेकडो वेळा तोच दोरा, त्याच दांडीवर गुंडाळला जातो आणि उलगडतो, आणि प्रत्येक वेळी हाताच्या वळण्याने त्यात थोडा पीळ वाढतो किंवा थोडा सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. यो-योचा दोरा तसा नाही. त्याचा पीळ अर्ध्या तासात बदलतो, आणि मुलांना वाटतं आपला हात बिघडला.

पीळ वाढला तर डोळा दांडीला आवळतो. यो-यो झोपत नाही, मधूनच वर येतो, ढिल्या दोऱ्याला गुंतवळ पडते. पीळ कमी झाला तर उलटं. डोळा रुंदावतो, यो-यो खाली छान फिरत राहतो पण झटका देऊनही वर येत नाही, आणि पीळ फारच सुटला तर दोन पदरांमधून यो-यो निसटून पडू शकतो. दोन्ही वेळा मूल अधिक जोरात फेकायला लागतं. जोराने काहीच सुधारत नाही.

तपासायची रीत अशी: यो-यो एका हातात धरा, फास दुसऱ्या हाताच्या बोटात ठेवून हात जवळ आणा आणि मधला दोरा झोक्यासारखा लोंबू द्या. शांतपणे झोका राहिला तर पीळ बरोबर आहे. दोरा स्वतःभोवती वळायला लागला तर जास्त आहे. पदर वेगवेगळे दिसायला लागले तर कमी आहे. जास्त झालेला काढायला काहीही करावं लागत नाही: फास बोटातून काढा, टोक चिमटीत धरा आणि यो-यो खाली लोंबू द्या. तो स्वतःच गरागरा फिरून जादा पीळ सोडतो. थांबला की पुन्हा बोटात घाला. कमी असेल तर लोंबत्या यो-योला बोटांनी पीळ वाढेल त्या बाजूला फिरवून द्या. कोणत्या बाजूला, ते दोऱ्याकडे पाहून ठरवा. डावखुऱ्या मुलांचं उजव्यांच्या उलट असतं, म्हणून दिशा पाठ करून उपयोग नाही. दर दहा-पंधरा फेकींनंतर हे करायची सवय नातीला लागली तर तिने निम्मा यो-यो शिकला असं मी समजेन.

किती दिवसांनी बदलायचा, असं तुम्ही विचारलंत. दिवसांत मोजू नका. रोज तासभर खेळणाऱ्या मुलीच्या लाकडी यो-योला आठवड्याला एक दोरा लागला तरी तो जास्त नाही. तीन आठवडे एकच दोरा चालला हे ऐकून मी जरा घाबरलोच. तुटतो तो नेहमी दांडीपाशी, जिथे आपल्याला दिसत नाही. म्हणून खेळायच्या आधी दोरा पूर्ण उलगडून यो-योजवळचे शेवटचे दोन इंच बघायचे. तिथे काळपट डाग, उठलेले तंतू किंवा एखादा तुटका पदर दिसला की दोरा गेला. बोटाच्या बाजूला कितीही नवा दिसत असला तरी गेला. माझ्या एका विद्यार्थ्याने असा ‘अजून दोन दिवस चालेल’ म्हणून ठेवलेला दोरा तुटला आणि यो-यो त्याच्या धाकट्या भावाच्या कपाळाला लागला. दोन टाके पडले. थोडं खाली लागलं असतं तर डोळा होता. चार रुपयांच्या सुतासाठी ही जोखीम घेऊ नका, आणि खेळताना नातीच्या चारही बाजूंना हात पसरून फिरता येईल एवढी जागा मोकळी ठेवा, डोक्यावरही.

दोरा धुऊ नका. तेल, मेण, पावडर काही लावू नका. मळला तर बदला. भोवऱ्याच्या जाळीचा पहिला वेढा आम्ही ओला करायचो, तसं इथे चालत नाही. ओलं सूत फुगतं आणि दांडीला चिकटतं. याच कारणाने जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत सुती दोरा जड वाटेल, तेव्हा वळलेले दोरे झाकणाच्या डब्यात ठेवा. खेळ संपल्यावर यो-यो घट्ट गुंडाळून ठेवू नका, दोऱ्याला वाक पडतात. सैल गुंडाळा किंवा दोरा काढून खुंटीला टांगा.

जुना दोरा बाल्कनीतून किंवा बागेत टाकू नका, एवढं माझ्यासाठी करा. आपल्याकडे कबुतरांच्या पायात दोरे अडकून बोटं झडलेली दिसतात. इंच-इंच तुकडे करून मगच कचऱ्यात.

स्नेहसंमेलनासाठी एकदम सहा दोरे वळून ठेवा, सगळे एकाच गुंडीतले आणि एकाच लांबीचे, म्हणजे बदलल्यावर हाताला वेगळं लागत नाही. कोरा दोरा घेऊन तिला मंचावर पाठवू नका. नवं सूत पहिल्या काही फेकींत ताणतं आणि त्याचा पीळ बसायला वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी नवा चढवा, पंचवीस-तीस फेकी करू द्या, लांबी पुन्हा बेंबीशी जुळते का बघा, वाढली असेल तर निरगाठ सोडून पुन्हा मारा. एक दोरा तिच्या खिशात द्या. आणि विंगेत उभी असताना, नाव पुकारायच्या आधी, एकदा यो-यो लोंबू देऊन पीळ सोडायला सांगा.